केमोला दाद न देणारा अंडाशयाचा कर्करोग : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

अंडाशयाच्या कर्करोगाविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच नव्या उपचाराकडे आहे. त्यातली पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, आणि लांब पत्रांचा फक्त सारांश दिला आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ५८ आहे. अंडाशयाच्या कर्करोगासाठी तिची शस्त्रक्रिया झाली आणि कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल या औषधांच्या सहा केमो झाल्या. शेवटच्या केमोनंतर चौथ्या महिन्यात सीए-१२५ (या कर्करोगाचा माग ठेवण्यासाठी रक्तात मोजतात ते प्रथिन) वाढू लागले आणि स्कॅनमध्ये पुन्हा गाठी दिसल्या. आजार ‘प्लॅटिनम रेझिस्टंट’ झाला आहे, असे डॉक्टर म्हणतात. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. तिथे यासाठी नवी ‘स्मार्ट केमो’ निघाली आहे आणि ती लगेच सुरू करावी, असे त्याचे म्हणणे आहे. हे औषध नेमके काय आहे आणि आईला ते उपयोगी पडेल का? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : ‘प्लॅटिनम रेझिस्टंट’ हा शब्द ऐकताच घरातल्या माणसांना सगळे संपल्यासारखे वाटते, म्हणून आधी त्याचा अर्थ सांगतो. कार्बोप्लॅटिन किंवा सिस्प्लॅटिन ही प्लॅटिनम धातूपासून बनवलेली औषधे या आजारातला मुख्य आधार असतात. त्यांचा शेवटचा डोस झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत आजार परतला, तर तीच औषधे पुन्हा देऊन फारसा लाभ होत नाही, हा अनेक वर्षांचा अनुभव आहे, आणि त्या अनुभवाला दिलेले हे नाव आहे. पर्याय संपले, असा त्याचा अर्थ होत नाही. दर आठवड्याचे पॅक्लिटॅक्सेल, लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन आणि टोपोटेकॅन ही औषधे अशा वेळी एकेकटी वापरली जातात. मात्र त्यांनी गाठी लक्षणीय प्रमाणात लहान होणाऱ्या रुग्णांची संख्या थोडी असते, आणि म्हणूनच नव्या औषधाची इतकी चर्चा आहे.

आपल्या मावसभावाने सांगितलेले औषध बहुधा मिर्वेटुक्सिमॅब सोराव्हटॅन्सिन असावे. ‘एलाहिअर’ या नावाने ते विकले जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला नोव्हेंबर २०२२ मध्ये तात्पुरत्या स्वरूपाची आणि मार्च २०२४ मध्ये पूर्ण मान्यता दिली. ते अँटिबॉडी-ड्रग कॉन्जुगेट या वर्गातले औषध आहे. प्रतिपिंड, विष आणि त्या दोघांना जोडणारा दुवा असे त्याचे तीन भाग असतात. या वर्गाला वर्तमानपत्रे ‘क्षेपणास्त्र’ म्हणतात, पण ती उपमा मला पटत नाही, कारण क्षेपणास्त्र बाहेरून आदळते. येथे घडते ते वेगळेच. घरात उंदीर झाले की कणकेच्या गोळीत औषध घालून ठेवतात आणि उंदीर ती कणीक समजून स्वतःच खातो. अंडाशयाच्या कर्करोगाच्या अनेक पेशींच्या पृष्ठभागावर ‘फोलेट रिसेप्टर अल्फा’ नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात असते आणि फोलेट हे जीवनसत्त्व आत ओढून घेणे हे त्याचे काम असते. औषधातले प्रतिपिंड या प्रथिनाला चिकटते, पेशी त्या दोघांना मिळून गिळते, आत गेल्यावर दुवा तुटतो आणि विष मोकळे होते.

ते विष म्हणजे मेटॅन्सिन या द्रव्याचे एक रूप आहे. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ मॉरिस कुपचान यांनी १९७२ मध्ये इथिओपियातल्या एका झुडपापासून मेटॅन्सिन वेगळे केले. पेशी दुभंगताना तिच्या आत जे सूक्ष्म नळ्यांचे जाळे उभे राहावे लागते, ते हे द्रव्य उभे राहू देत नाही. पुढे ते थेट शिरेतून देऊन पाहिले गेले, पण ते इतके जहाल होते की कर्करोगावर गुण येण्याआधीच रुग्णाला त्रास होई आणि ते बाजूला पडले. प्रतिपिंडाला बांधल्यावर मात्र त्याच जहाल द्रव्याचा उपयोग करता आला. एका प्रतिपिंडावर विषाचे सरासरी तीन ते चार रेणू असतात. मोकळे झालेले थोडे विष शेजारच्या पेशींतही झिरपते, त्यामुळे ज्या पेशींवर हे प्रथिन कमी आहे त्याही काही प्रमाणात मरतात.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. ‘आईला उपयोग होईल का’ याचे उत्तर मी पत्रावरून देऊ शकत नाही, आणि औषधाची माहिती वाचून आपला मावसभाऊही देऊ शकणार नाही. ते उत्तर शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या गाठीत आहे. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचा एक लहानसा चौकोनी ठोकळा करतात. तो काडेपेटीहून लहान असतो, प्लॅस्टिकच्या जाळीदार चौकटीवर बसवलेला असतो आणि चौकटीच्या कडेवर क्रमांक लिहिलेला असतो. पॅथॉलॉजीच्या विभागात असे हजारो ठोकळे खणांतून रचून ठेवलेले असतात आणि सर्वजण त्यांना ‘ब्लॉक’च म्हणतात. त्या ब्लॉकचा केसाहूनही पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यावर एक विशेष रंगप्रक्रिया करतात. जेथे फोलेट रिसेप्टर अल्फा असेल, तेथे पेशीच्या कडेला तपकिरी रेघ उमटते. कर्करोगाच्या किमान ७५ टक्के पेशींच्या कडा मध्यम किंवा गडद तपकिरी झाल्या, तरच हे औषध त्या रुग्णासाठी आहे असे मानतात. प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी ढोबळमानाने तिघींत एकीपेक्षा थोड्या अधिक जणी या कसोटीला उतरतात.

म्हणून माझा आग्रह आहे की औषध कोठे मिळेल याची फोनाफोनी करण्याआधी आपण आईंच्या शस्त्रक्रियेचा पॅथॉलॉजी अहवाल काढून दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे आजाराचा प्रकार कोणता लिहिला आहे. ज्या मोठ्या चाचणीवर पूर्ण मान्यता मिळाली, तिच्यात फक्त ‘हाय-ग्रेड सीरस’ (या कर्करोगाचा वेगाने वाढणारा आणि सर्वाधिक आढळणारा प्रकार) प्रकारच्या रुग्ण होत्या. दुसरे म्हणजे ब्लॉकचा क्रमांक. त्यानंतर आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावे, की या ब्लॉकवर ही तपासणी कोठे करून घेता येईल.

लाभ किती, हेही स्पष्ट सांगायला हवे. मिरासोल नावाच्या त्या चाचणीत ४५३ रुग्णांनी भाग घेतला. निम्म्यांना हे औषध आणि निम्म्यांना नेहमीच्या तीन केमोपैकी डॉक्टरांनी निवडलेली एक देण्यात आली. नव्या औषधाने ४२ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या, तर नेहमीच्या केमोने १६ टक्के रुग्णांच्या. आयुर्मानाचा मध्यांक १२.७५ महिन्यांवरून १६.४६ महिन्यांवर गेला. मध्यांकाचा अर्थ असा, की निम्म्या रुग्ण त्याहून अधिक काळ जगल्या आणि निम्म्या कमी काळ. प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या या आजारात एका नव्या औषधाने नेहमीच्या केमोपेक्षा आयुष्य वाढवले, हे मोठ्या तुलनात्मक चाचणीत सिद्ध होणे ही आमच्या क्षेत्रात फार मोठी गोष्ट होती. तरीही हे औषध आजार समूळ घालवत नाही, हे आपल्याला आजच माहीत असलेले बरे.

प्रश्न : माझ्या पत्नीच्या ब्लॉकवर फोलेट रिसेप्टरची तपासणी झाली. अहवालात ६० टक्के पेशी ‘पॉझिटिव्ह’ आहेत असे लिहिले आहे, तरी डॉक्टर हे औषध देता येणार नाही म्हणतात. ६० आणि ७५ मध्ये असा काय फरक आहे? थोड्या टक्क्यांसाठी संधी नाकारणे योग्य आहे का? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : आपली तळमळ मला समजते, आणि आपल्या जागी मीही हाच प्रश्न विचारला असता. पण ही ७५ टक्क्यांची रेघ कागदावर सहज ओढलेली नाही, तिच्यामागे एका मोठ्या अपयशाचा इतिहास आहे.

मिरासोलच्या आधी याच औषधाची फॉरवर्ड-१ नावाची चाचणी झाली होती आणि २०१९ मध्ये तिचा निकाल आला. ३६६ रुग्ण घेऊनही औषध नेहमीच्या केमोपेक्षा सरस ठरले नाही. हे औषध येथेच संपले, असे त्या वेळी अनेकांना वाटले. पुढे संशोधकांनी त्याच रुग्णांचे नमुने पुन्हा तपासले तेव्हा ध्यानात आले, की त्या चाचणीत रंग मोजण्याची सोपी केलेली पद्धत वापरली होती. सूक्ष्मदर्शकाच्या कमी ताकदीत पेशीच्या कडेला रंग दिसला, की ती पेशी धरली जाई. तो रंग फिका आहे की गडद, याचा हिशेब नव्हता. त्यामुळे ज्यांच्या गाठीत हे प्रथिन खरे तर कमी होते अशाही अनेक रुग्ण चाचणीत आल्या, आणि ज्यांना लाभ होत होता त्यांचा लाभ एकत्रित सरासरीत बुडून गेला. रंगाच्या गडदपणासह मोजणी केल्यावर जास्त प्रथिन असलेल्या गटात फायदा दिसला. पुढच्या चाचण्या याच कडक मोजणीवर उभ्या राहिल्या आणि यशस्वी झाल्या. औषध तेच होते, बदलली ती काचपट्टी वाचण्याची रीत. म्हणून आपल्या डॉक्टरांच्या नकारामागे कोरडा नियम आहे असे मला वाटत नाही.

मात्र अहवालात एक गोष्ट अवश्य पाहावी. ‘६० टक्के’ हा आकडा मध्यम आणि गडद रंगाच्या पेशींचा आहे, की फिका रंग धरून काढलेला आहे? दुसरे असे, की नमुना जुना असेल आणि आता नवी गाठ सुरक्षितपणे टोचून घेता येण्याजोगी असेल, तर ताज्या तुकड्यावर तपासणी पुन्हा करता येते. निकाल बदलेलच असे नाही, पण विचारण्याजोगा प्रश्न आहे.

याच ब्लॉकवर ‘हर-२’ या प्रथिनाची तपासणीही करून घ्यावी. स्तनाच्या कर्करोगामुळे हे नाव अनेकांच्या परिचयाचे आहे. ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन हे याच वर्गातले दुसरे औषध आहे. हर-२ ‘३ प्लस’ (रंगतपासणीतली सर्वांत वरची श्रेणी) असलेल्या, आधीचे उपचार होऊन गेलेल्या आणि दुसरा समाधानकारक पर्याय न उरलेल्या रुग्णांसाठी, कर्करोग कोणत्याही अवयवाचा असला तरी, अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. अंडाशयाच्या आजारात ‘३ प्लस’ क्वचित आढळते, पण आढळले तर ते माहीत नसणे ही मोठी चूक ठरेल. या दोन्ही दारांतून वाट नसेल, तर दर आठवड्याचे पॅक्लिटॅक्सेल आणि त्याच्या जोडीला बेव्हॅसिझुमॅब (गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारे औषध) हा जुना मार्ग हलका समजू नये. ऑरेलिया या चाचणीत केमोच्या जोडीला बेव्हॅसिझुमॅब दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा काळ ३.४ महिन्यांवरून ६.७ महिन्यांवर गेला होता. पोटात वारंवार पाणी होणाऱ्या रुग्णांना त्याने विशेष आराम पडतो. आतड्याला अडथळा असेल किंवा कर्करोग आतड्यात शिरलेला असेल, तर मात्र ते देत नाहीत.

प्रश्न : मी मूळची पुण्याची, आता न्यू जर्सीत राहते. माझी मिर्वेटुक्सिमॅबची तीन सलाईने झाली. गेल्या आठवड्यापासून मला धूसर दिसते, मोबाईलवरची अक्षरे पसरल्यासारखी वाटतात आणि उजेड सहन होत नाही. दृष्टी जाईल या भीतीने उपचार सोडून द्यावा असे वाटते आहे. (एक भगिनी)

उत्तर : ताई, कृपया हा अंक बाजूला ठेवून आधी आपल्या कर्करोग विभागाला फोन करावा. पुढच्या सलाईनची तारीख येईपर्यंत थांबू नये. डोळ्यांची तपासणी झाल्याशिवाय पुढचा डोस घेऊ नये आणि तोवर गाडी चालवू नये.

आता थोडा दिलासा. हा त्रास या औषधाचा सर्वांत ओळखीचा दुष्परिणाम आहे आणि औषधाच्या माहितीपत्रकावर त्याचा ठळक चौकटीत इशारा असतो. तो साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या सलाईनच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे आपल्या बाबतीत तो ठरल्या वेळीच आला आहे. आश्चर्य असे, की डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे नेत्रपटलावर, फोलेट रिसेप्टर अल्फा नसते. तरीही औषधाचा काही अंश पटलाच्या पेशींत जातो, तेथे बारीक ठिपके दिसू लागतात आणि दृष्टी धूसर होते. डोस पुढे ढकलला किंवा कमी केला, की पटलाच्या पेशी नव्याने तयार होतात आणि बहुतेक रुग्णांची दृष्टी पूर्ववत होते किंवा पुष्कळ सुधारते. मिरासोल चाचणीत पाहिले तर डोळ्यांचा त्रास निम्म्याहून अधिक रुग्णांना झाला, पण त्यामुळे औषध कायमचे बंद करावे लागलेल्यांचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी होते.

हा त्रास कमी व्हावा म्हणून या औषधासोबत डोळ्यांत थेंब घालायला देतात. त्या थेंबांचे वेळापत्रक आपण कसे पाळता, हे मात्र मला विचारायचे आहे. स्टिरॉइडचे थेंब सलाईनच्या आदल्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत दिवसातून सहा वेळा आणि पाचव्या ते आठव्या दिवसापर्यंत चार वेळा घालायचे असतात. डोळे ओलसर ठेवणारे साधे थेंब पूर्ण उपचारभर दिवसातून किमान चार वेळा लागतात. या दोन थेंबांमध्ये किमान दहा मिनिटांचे अंतर हवे, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. नेमके हे अंतर बहुतेक घरांत राहत नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एकेका थेंबासाठी एकेक रेघ मारण्याची युक्ती माझ्या एका रुग्णाच्या सुनेने काढली होती. तेव्हापासून मी ती सर्वांना सांगतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या पूर्ण बंद ठेवाव्यात. स्टिरॉइडच्या थेंबांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून तोही मोजून घ्यावा.

डोळ्यांखेरीज आणखी दोन गोष्टींवर लक्ष असू द्यावे. नवा कोरडा खोकला किंवा चालताना दम लागणे ही फुप्फुसाच्या दाहाची सुरुवात असू शकते, ते लगेच कळवावे. हातापायांना मुंग्या येत असतील तर त्याही सांगाव्यात. पॅक्लिटॅक्सेल घेतलेल्या रुग्ण ‘हे तर जुनेच आहे’ म्हणून गप्प राहतात आणि त्यात वाढ झालेली कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : वहिनींची तपासणी परदेशी प्रयोगशाळेत झाली आणि त्यांना हे औषध चालेल असा अहवाल आला. एक जण व्हॉट्सॲपवर ‘निम्म्या किमतीत बाहेरून आणून देतो’ म्हणतो. घर विकण्याचा विचार चालू आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : त्या माणसाकडून कृपया काहीही घेऊ नये. हे औषध प्रथिनाचे आहे आणि ते कारखान्यापासून रुग्णापर्यंत सतत थंड राहावे लागते. ते वाटेत कोठे तापले, तर कुपीकडे पाहून कोणालाही कळत नाही.

येथे बाजारात नसलेले औषध स्वतःच्या उपचारासाठी आणण्याचा कायदेशीर मार्ग आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह केंद्रीय औषध नियंत्रकांकडे ‘फॉर्म १२ अ’ भरून अर्ज करतात आणि ‘फॉर्म १२ ब’ मध्ये परवाना मिळतो. मोठ्या कर्करोग रुग्णालयांतल्या औषध विभागाला ही वाट माहीत असते, तेथेच विचारावे.

खर्चाबद्दल बोलताना मला अवघडल्यासारखे होते, पण टाळणे त्याहून वाईट. औषध दर तीन आठवड्यांनी, आजार आटोक्यात असेपर्यंत द्यायचे असते आणि त्याचा एकेक डोस लाखांच्या घरात जातो. एका डोसाचे पैसे उभे राहिले म्हणजे उपचाराचे पैसे उभे राहिले असे होत नाही. मिरासोलमध्ये आजार आटोक्यात राहण्याचा मध्यांक ५.६२ महिने होता, नेहमीच्या केमोत ३.९८. हे दोन आकडे समोर ठेवून, वहिनींना सोबत घेऊन निर्णय करावा. अनेक घरांत मी पाहतो, की घर विकण्याची चर्चा पुरुषमाणसे बाहेरच्या खोलीत करतात आणि जिच्यासाठी ती चालते ती आतल्या खोलीत ऐकत पडलेली असते. तिला काय हवे, हे आधी विचारावे.

घर विकण्याआधी आणखी एक दार ठोठवावे. भारतातल्या चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया’ या सरकारी संकेतस्थळावर असते आणि ती कोणालाही पाहता येते. चाचणीत मिळणारे प्रायोगिक औषध विनामूल्य असते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात किंवा आपल्या जवळच्या मोठ्या केंद्रात ‘प्लॅटिनम रेझिस्टंट अंडाशयाच्या कर्करोगासाठी सध्या कोणती चाचणी सुरू आहे का’ असे थेट विचारावे. कॅडहेरिन-६ या दुसऱ्याच प्रथिनावर बेतलेली याच वर्गातली औषधेही जगभर चाचण्यांत आहेत.

प्रश्न : औषध फोलेटच्या वाटेने जाते, तर पालक, मेथी, डाळी बंद कराव्यात का? आणि नागपूरहून मुंबईला ब्लॉक न्यायचा आहे, तो कसा न्यावा? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : भाज्या आणि डाळी बंद करू नयेत. या आजारात वजन आणि ताकद टिकवणे फार महत्त्वाचे असते. फॉलिक ॲसिडच्या किंवा जीवनसत्त्वांच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांची पाकिटेच डॉक्टरांना दाखवावीत. स्वतःहून सुरूही करू नयेत आणि बंदही करू नयेत.

ब्लॉक घेताना रुग्णालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. शक्यतो ब्लॉकच मागावा, कारण बिनरंगाचे काप कापून बराच काळ पडून राहिले तर त्यांवर रंग नीट उमटत नाही. ब्लॉकवरचा क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक खिडकीपाशीच उभे राहून जुळवून पाहावा. मेण उन्हाने मऊ पडते, म्हणून मे महिन्यात तो बंद गाडीत ठेवून जेवायला उतरू नये. लहान डबीत, कापसात गुंडाळून, हातातल्या पिशवीत ठेवावा. तपासणी झाल्यावर उरलेला ब्लॉक परत मागून घ्यावा. पुढे दुसरी एखादी तपासणी करण्याची वेळ आली, तर तोच पुन्हा लागणार आहे.